निर्दोष सुटकेआधीची वर्षे : पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य न्यायाधीश व सहकारी न्यायमूर्ती,
पाकिस्तानचे सर्वोच्च न्यायालय, इस्लामाबाद.

धर्मामुळे छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती समाजांचा विचार करताना इराकमधील निनवेचे मैदान, नायजेरियाचा मध्य पट्टा, इजिप्तमधील कॉप्टिक वस्त्या अशी अनेक नावे पुढे येतात. यांपैकी बहुतेक ठिकाणी छळ करणारा गट कायद्याबाहेर उभा असतो. पाकिस्तानातील सुमारे ३३ लाख ख्रिस्ती नागरिकांच्या बाबतीत मात्र जमावाच्या हाती कायद्याचेच एक कलम असते, आणि त्या कलमाचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार मा. न्यायालयाकडे आहे. म्हणून हे पत्र एखाद्या सरकारला किंवा जागतिक संघटनेला न लिहिता थेट न्यायासनास लिहिले आहे.

ईशनिंदेचे, म्हणजे ईश्वर, प्रेषित किंवा पवित्र ग्रंथ यांच्या अवमानाचे गुन्हे ज्या दंडसंहितेत येतात, ती १८६० सालची संहिता भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांचा सामाईक वारसा आहे. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याला शिक्षा सांगणारे २९५-अ हे कलम १९२७ साली, लाहोरमधील एका वादग्रस्त पुस्तिकेवरून उठलेल्या वादळानंतर, तीत घातले गेले आणि त्याचा मजकूर भारतात आजही नव्या क्रमांकाने कायम आहे. त्या कलमात निदान ‘हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने’ ही अट होती. जनरल झिया उल हक यांच्या राजवटीत १९८२ साली २९५-ब आणि १९८६ साली २९५-क ही कलमे जोडली गेली, तेव्हा प्रेषितांच्या अवमानासंबंधीच्या २९५-क मधून हेतूची ही अट वगळली गेली. पुढे १९९० साली संघीय शरियत न्यायालयाने या गुन्ह्याला मृत्युदंडाखेरीज दुसरी शिक्षा असू शकत नाही असा निर्णय दिला. हेतू सिद्ध करण्याची गरज नसलेला आणि एकच शिक्षा असलेला गुन्हा शेजाऱ्याशी वैर धरणाऱ्या माणसाच्या हाती पडला, की काय होते हे पुढच्या तीन दशकांनी दाखवून दिले.

आसिया बीबी यांचा खटला या बाबतीत सर्वांत बोलका आहे, कारण त्याचे निकालपत्र मा. न्यायालयानेच लिहिले आहे. जून २००९ मध्ये पंजाबातील इट्टांवाली गावाच्या शिवारात फालसा तोडणाऱ्या मजूर स्त्रियांमध्ये पाण्यावरून वाद झाला. ख्रिस्ती बाईने आणलेले पाणी पिण्यास इतर स्त्रियांनी नकार दिला, शब्दाने शब्द वाढला आणि पाच दिवसांनी ईशनिंदेची फिर्याद नोंदवली गेली. २०१० मध्ये नानकाना साहिबच्या सत्र न्यायालयाने फाशी ठोठावली, २०१४ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी मा. न्यायालयाने निर्दोष सुटका केली. ज्या जाहीर सभेत आरोपीने कबुली दिल्याचे सांगितले गेले, तिला किती लोक होते याबद्दल एक साक्षीदार शंभर म्हणत होता, दुसरा हजाराहून अधिक, तिसरा दोन हजार. सभा कोणत्या घरी झाली यावरही एकमत नव्हते. या विसंगती २०१८ साली नव्याने सापडल्या नव्हत्या, त्या पहिल्या दिवसापासून अभिलेखात होत्या. त्या वाचण्याचे धैर्य खालच्या दोन न्यायालयांना का झाले नाही, हा या पत्राचा मुख्य प्रश्न आहे.

पाण्याच्या या तपशिलावर मराठी वाचक थांबल्यावाचून राहत नाही. पंजाबातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धर्मांतरित झालेले, गावकुसाबाहेर राहणारे सफाईकाम व शेतमजुरी करणारे लोक होते. धर्म बदलला, पुढे देशही बदलला, तरी भांडे वेगळे ठेवण्याची रीत राहिली, आणि सफाई कामगारांच्या भरतीच्या जाहिरातीत ‘फक्त बिगरमुस्लिम’ असे छापण्याची प्रथाही कितीतरी वर्षे चालू राहिली. ज्या १९२७ साली २९५-अ संहितेत आले, त्याच वर्षी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांनी सार्वजनिक पाणी पिण्याचा हक्क बजावला होता. इट्टांवालीच्या शिवारातील भांडण त्याच जुन्या दुखण्याचे आहे. त्यावर ईशनिंदेचा शिक्का नंतर बसला.

आरोपामागे जमीन, उसनवारी किंवा जुने वैर असते, हे मा. न्यायालयाला कोणी बाहेरून सांगण्याची गरज नाही. १९९८ साली साहिवालच्या न्यायालयाने एका ख्रिस्ती तरुणाला फाशी सुनावली, तेव्हा फैसलाबादचे बिशप जॉन जोसेफ यांनी त्या न्यायालयाच्या आवारात स्वतःवर गोळी झाडून निषेध नोंदवला. चार वर्षांनी मा. न्यायालयाने त्या तरुणाला सोडले, आणि तक्रारदाराचा डोळा कुटुंबाच्या जागेवर होता ही गोष्टही त्या खटल्यातून पुढे आली. बिशप जोसेफ यांच्या मृत्यूची भरपाई त्या निकालाने झाली नाही. २०१२ साली इस्लामाबादजवळच्या एका अल्पवयीन मुलीवर कुराणाची पाने जाळल्याचा आरोप आला आणि नंतर खोटा पुरावा पेरल्याचा संशय खुद्द स्थानिक मौलवीवर घेतला गेला. आसिया बीबी यांच्या निकालपत्रातच असे नोंदले आहे की १९९० पासून ईशनिंदेच्या आरोपावरून ६२ माणसे खटला चालण्यापूर्वीच मारली गेली. त्यांत आणि तुरुंगात असलेल्यांत मुस्लिम नागरिक मोठ्या संख्येने आहेत. २०१७ मध्ये मर्दानच्या विद्यापीठात जमावाने मारलेला विद्यार्थी मशाल खान मुस्लिमच होता. ख्रिस्ती समाजाचा वाटा मात्र त्याच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठा आहे, आणि त्याच्यावर आरोप आला की एका माणसापुरता राहत नाही, साऱ्या वस्तीवर येतो : १९९७ साली शांतीनगर, २००९ साली गोजरा, २०१३ साली लाहोरची जोसेफ कॉलनी, आणि १६ ऑगस्ट २०२३ रोजी जरांवाला, जिथे एका दिवसात वीसहून अधिक चर्चवास्तू आणि कितीतरी घरे जाळली किंवा उद्ध्वस्त केली गेली. जोसेफ कॉलनीच्या जाळपोळीतील शंभराहून अधिक आरोपी २०१७ मध्ये पुराव्याअभावी सुटले. ज्याच्यावरील आरोपाने ती आग पेटली तो ख्रिस्ती रहिवासी त्यानंतरही तीन वर्षांहून अधिक काळ फाशीच्या छायेत तुरुंगात होता.

खालचे न्यायाधीश का कचरतात, याचे उत्तर कठोर आहे आणि ते समजून न घेता त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. एका ईशनिंदा खटल्यात आरोपींना सोडणारे लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आरिफ इक्बाल भट्टी यांची १९९७ साली हत्या झाली. पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने मारले आणि दोन महिन्यांच्या आत, २ मार्चला, केंद्रीय मंत्री शहबाज भट्टी यांची हत्या झाली. मुलतानचे वकील रशीद रहमान यांना २०१४ मध्ये त्यांच्या कार्यालयात गोळ्या घातल्या गेल्या. मा. न्यायालयाने या दहशतीपुढे मान तुकवली नाही हे इतिहासात नोंदले जाईल. तासीर यांच्या मारेकऱ्याची फाशी २०१५ साली कायम करताना न्यायालयाने स्पष्ट केले की ईशनिंदेच्या कायद्यावर टीका करणे म्हणजे ईशनिंदा नव्हे. परंतु हे धैर्य इस्लामाबादच्या इमारतीपुरते मर्यादित राहिले, आणि तिथे पोहोचेपर्यंत आरोपीच्या आयुष्याची आठ-दहा वर्षे एकांत कोठडीत जातात.

या संस्थेला धैर्याची परंपरा उसनी आणावी लागत नाही. १९६० ते १९६८ या काळात मुख्य न्यायाधीशपदी असलेले ए. आर. कॉर्नेलियस हे स्वतः ख्रिस्ती होते आणि १९५५ च्या तमिजुद्दीन खान खटल्यातील त्यांचे एकट्याचे भिन्नमत पाकिस्तानातील कायद्याचे विद्यार्थी आजही आदराने अभ्यासतात. पेशावरच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये २२ सप्टेंबर २०१३ रोजी झालेल्या आत्मघातकी हल्ल्यात ऐंशीहून अधिक उपासक मरण पावले, त्यानंतर न्यायालयाने स्वाधिकारे, म्हणजे कोणाच्या अर्जाची वाट न पाहता, दखल घेतली आणि १९ जून २०१४ रोजी मुख्य न्यायाधीश तसद्दुक हुसेन जिलानी यांच्या खंडपीठाने दिलेला निकाल दक्षिण आशियातील अल्पसंख्याकांच्या हक्कांचा एक उत्तम दस्तऐवज आहे. प्रार्थनास्थळांसाठी खास पोलीस दल, अल्पसंख्याक हक्कांसाठी राष्ट्रीय परिषद, पाठ्यपुस्तकांतून सहिष्णुतेचा संस्कार, नोकऱ्यांतील राखीव जागांची अंमलबजावणी, सारे त्यात आहे. पाच वर्षांनी त्याच आदेशांच्या पाठपुराव्यासाठी एकसदस्य आयोग नेमावा लागला आणि तरीही जरांवाला घडले.

घटनात्मक अधिकारांची वाटणी काळानुसार बदलत असली, तरी फौजदारी अपिले आणि जामिनाचे अर्ज यांवरील मा. न्यायालयाचा शब्द खालच्या प्रत्येक न्यायालयाला बांधतो, आणि या पत्रातील विनंती तेवढ्यापुरतीच आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत २९५-क च्या तपासासाठी पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी हवा असे २००४ च्या दुरुस्ती कायद्याने लिहिलेले आहे. ही अट मोडून झालेला तपास जामिनाच्या पहिल्याच अर्जात आरोपीच्या बाजूने मोजला जावा. फिर्यादीला झालेला विलंब आणि पक्षांमधला जुना वाद सत्र न्यायाधीशाने निकालात नोंदवलाच पाहिजे, असे बंधन घालावे. मृत्युदंड व्हावा म्हणून खोटी साक्ष देणाऱ्याला शिक्षा सांगणारे १९४ वे कलम दंडसंहितेत आहे. ते या खटल्यांत वापरले गेले, तर मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून आरोप पुकारण्यापूर्वी माणूस विचार करील. अशा खटल्यांची सुनावणी जमावापासून दूर, सुरक्षित जागी आणि ठरावीक मुदतीत व्हावी.

सीमेच्या अलीकडून लिहिताना ओडिशातील कंधमाळ विसरता येत नाही, जिथे २००८ साली ख्रिस्ती आदिवासी व दलितांची हजारो घरे जाळली गेली. त्या आठवणीमुळे या पत्रातला आग्रह कमी होत नाही. उलट जमावापुढे न्यायव्यवस्था डगमगली की दुबळ्या माणसाला कोणी उरत नाही, हे दोन्ही देश सारखीच किंमत मोजून शिकले आहेत. शिवाय हे पत्र परक्याचे नाही, कारण कराचीचा मराठी व गोवेकर समाजाशी असलेला संबंधही जुना आहे : सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, आणि पाकिस्तानचे पहिले कार्डिनल जोसेफ कॉर्डेरो हे मुंबईत जन्मलेले गोवेकर कुटुंबातले होते.

एक मागणी राहते, आणि ती सुटलेल्यांसाठी आहे. निर्दोष ठरल्यावरही आसिया बीबी यांना अनेक महिने गुप्त ठिकाणी राहावे लागले आणि मे २०१९ मध्ये त्या कॅनडाला गेल्या. निर्दोष ठरलेल्या नागरिकाला स्वतःच्या गावात राहता येत नसेल, तर निकालाची अंमलबजावणी अर्धवट राहिली असेच म्हटले पाहिजे. म्हणून अशा प्रत्येक निकालपत्रात संरक्षण, निवास आणि तुरुंगात गेलेल्या वर्षांची भरपाई यांचा आदेश राज्याच्या नावे स्पष्टपणे लिहिला जावा, आणि त्याचा अहवाल ठरावीक मुदतीत मा. न्यायालयापुढे ठेवला जावा, ही विनंती.

कळावे.