माळ राखायचा तर आधी गावाला विचारा



आपल्या पारनेर तालुक्यातला माळ सरकारी भाषेत 'पडीक'. ज्या माळावर धनगराची मेंढरे जगतात आणि दुष्काळात दावणीची जनावरे तगतात, तो पडीक कसा? लांडगा, खोकड, चिंकारा यांचेही घर हाच माळ. तो गेला की मेंढपाळ आणि लांडगा दोघेही उघड्यावर येतात.

शेतकऱ्याला रानातला जीव नकोसा झाला आहे, असे शहरात बोलले जाते. हे खरे नाही. १९७९ साली माळढोकासाठी सोलापूर आणि आपल्या जिल्ह्यातील मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. शेजारचे श्रीगोंदे, कर्जत त्यात आले. त्यातली बहुतेक जमीन खासगी मालकीची होती. खरेदी-विक्री अडली, बांधकामे अडली. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. पण तोवर माळढोक म्हणजे सातबाऱ्यावरचे संकट, हे लोकांच्या मनात पक्के बसले होते. पक्षीही वाचला नाही. आज देशभरात तो दीडशेच्या आसपास उरला आहे, आणि तोही बहुतेक जैसलमेरकडे. शेतकऱ्याचा राग पक्ष्यावर नव्हता, न विचारता लादलेल्या बंधनावर होता.

आता दुसरे उदाहरण पाहा. आपल्या शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजारने १९९० च्या दशकात ग्रामसभेत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ठरवली. गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. डोंगर हिरवा झाला, चारा वाढला, दूध वाढले. बंधन तिथेही होते, पण ते गावाने स्वतः घालून घेतले होते.

मात्र सरसकट चराईबंदीचा भार भूमिहीन मेंढपाळावर पडता कामा नये. शास्त्रही तेच सांगते. पवन्या, मारवेल, डोंगरी ही बहुवर्षायू गवते बी पडण्याआधीच खुरटली, तर त्यांची जागा कुसळी घेते. म्हणून माळाचे तीन-चार भाग करा. दरवर्षी एक भाग दिवाळीनंतर बी झडेपर्यंत राखा, बाकीचे पाळीने चारा. आणि चांगल्या गवताळ माळावर चर खणून गिरिपुष्प लावण्याचे कार्यक्रम थांबवा. सावलीने गवत मरते, आणि गवताबरोबर त्यावर जगणारे जीवही जातात.

कायदा आपल्या हातात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकनोंदवही सांगितली आहे. कित्येक ठिकाणी ती कपाटात पडून आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पात्र गावांना वनजमिनीवरील चराईचा आणि राखणीचा सामूहिक हक्क मागता येतो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने तो २००९ साली मिळवला.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन ठराव करा. पहिला : नोंदवही बाहेर काढा आणि मेंढपाळांना समोर बसवून ती पुरी करा. दुसरा : गायरान कारखान्याला वा प्रकल्पाला देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घेतलीच पाहिजे. तिसरा : लांडग्याने मेंढरू मारले वा हरणाने पीक खाल्ले, तर भरपाई त्याच हंगामात मिळाली पाहिजे.

भरपाई वेळेवर मिळाली, तर लांडग्यासाठी कोणी विष ठेवणार नाही. माळावर हक्क मिळाला, तर राखणदार शोधावा लागणार नाही. तो गावातच आहे.