पोखर्णीचा नृसिंह आणि संग्रहालयांची 'जनजागृती'

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पोखर्णी नृसिंह हे स्थानक लागते. देवाचे नाव जोडल्याशिवाय या गावाची ओळख पुरी होत नाही. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंहजयंतीला, येथे दर्शनाला येणाऱ्या माणसाला देव खांबातून का प्रकटला, उंबरठाच का, सांजवेळच का, हे कोणी समजावून द्यावे लागत नाही. कीर्तनातून, पुराणातून, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ते त्याच्यापर्यंत आलेले असते. साधारण याच सुमारास, १८ मे रोजी, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन येतो. १९७७ पासून तो पाळला जातो. त्या निमित्ताने शहरोशहरीची संग्रहालये याच माणसाच्या 'जागृती'साठी व्याख्याने आणि कार्यशाळा योजतात. ज्याच्याजवळ इतके आधीच आहे त्याला नेमके कशासाठी जागे करायचे, असा आमचा प्रश्न आहे.

प्रश्न तिरकस वाटेल, पण तो अनुभवातून आलेला आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन एका मोठ्या शहरातील संग्रहालयाच्या कार्यशाळेला गेलो होतो. नोंदणीचा अर्ज इंग्रजीत होता आणि मार्गदर्शनही इंग्रजीतच झाले. विषय होता वारली चित्रकला. तयार आखलेल्या कागदावर त्रिकोणी माणसे रंगवायची आणि दोन तासांनी प्रमाणपत्र घेऊन निघायचे. एका विद्यार्थिनीने विचारले, "लग्नातला चौक बायकाच का लिहितात?" वेळ संपल्याचे सांगून तो प्रश्न मिटवण्यात आला. ज्या परंपरेत लग्नाचा चौक सुवासिनींनी लिहायचा असतो, जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या चित्रकाराने जिला विधीच्या भिंतीवरून कागदावर आणले आणि २०११ मध्ये ज्यांना पद्मश्री मिळाली, त्या परंपरेतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्या मुलीने विचारला होता. कार्यशाळेत त्यालाच जागा नव्हती.

आता याच्या उलट एक प्रसंग. वेरूळच्या पंधराव्या, म्हणजे दशावतार लेण्यात आम्ही मुलांसह नृसिंहाच्या शिल्पापुढे उभे होतो. लेणे आठव्या शतकातले. राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा लेख तेथेच आहे. आम्ही कालखंड, राजवंश वगैरे सांगत होतो. पोखर्णीच्या बाजूचा एक मुलगा मध्येच म्हणाला, "सर, इथं त्याला अजून मांडीवर घेतलेलंच नाही." आम्ही गप्प झालो. कॅलेंडरवर, देवघरात, कीर्तनाच्या वर्णनात हिरण्यकशिपू देवाच्या मांडीवर असतो, त्याचे पोट फाडलेले असते. वेरूळच्या शिल्पकाराने मात्र त्याच्या आधीचा क्षण घेतला आहे. दैत्य अजून उभा आहे, ढाल-तलवार त्याच्या हाती आहे आणि देवाची पकड नुकतीच त्याच्यावर पडली आहे. हा क्षण का निवडला असेल, यावर पुढचा पाऊण तास मुले बोलत राहिली. आमचे राजवंश तसेच राहिले. पण त्या दिवशी मुलांनी शिल्प पाहिले, आणि ते त्यांना पाहता आले कारण कथा त्यांना आधीपासून येत होती.

आमचे म्हणणे एवढेच आहे. कार्यक्रम सार्वजनिक आहे की नाही, हे तेथे किती माणसे आली यावरून ठरत नाही. आलेल्या माणसाजवळचे ज्ञान तेथे विचारले जाते का आणि त्याला आपल्या भाषेत असहमत होता येते का, यावरून ते ठरते. या कसोटीवर बहुतेक कार्यशाळा नापास आहेत. समोरचा माणूस रिकामा आहे असे गृहीत धरून त्याच्या हाती रंग, माती, कागद दिले जातात. हात चालतात आणि तोंड बंद राहते.

यावरचा आक्षेप ठरलेला आहे : खेड्यातल्या लोकांना कलेत रस नसतो. हा आक्षेप घेणाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातले औंध आठवावे. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये आपला संग्रह मुंबई-पुण्यात नव्हे, तर या लहानशा गावात, यमाईच्या डोंगरावर ठेवला. तेथे रविवर्मा आहे, हेन्री मूरचे 'माता आणि बालक' आहे. हा राजा स्वतः चित्रे काढी आणि स्वतः उभा राहून कीर्तनही करी. एकाच माणसाला दोन्ही गोष्टी साधत होत्या, याचे आपल्याला आज नवल वाटावे, यातच आपले काय हरवले ते कळते.

आपल्या मराठवाड्यात तेर आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून तेथील शासकीय संग्रहालय उभे राहिले. प्राचीन तगराच्या मृण्मय मूर्ती तेथे आहेत, आणि हेच गोरोबा काकांचे, गोरा कुंभाराचे गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची भाजलेली माती आणि मातीत नाचणारा संत यांना एका संध्याकाळी एकत्र आणायला कोणत्या परदेशी तज्ज्ञाची गरज आहे? एक कुंभार, एक कीर्तनकार आणि एक अभ्यासक यांना त्या मूर्तींपुढे बसवले तरी खरी कार्यशाळा होईल.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून फिरते संग्रहालय बसमधून गावोगावी नेले, याचे आम्हाला कौतुक आहे. पण बस निघून गेल्यावर त्या गावात बोलणे कोणी चालू ठेवायचे?

येथे दोष आमच्याकडे, मराठीच्या अध्यापकांकडे येतो. तो आम्ही टाळत नाही. आम्ही वर्षानुवर्षे मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्र शिकवतो. संवाद, विरोध, समतोल ही लयीची तत्त्वे मुले तोंडपाठ म्हणतात, परीक्षेत गुण मिळवतात. मर्ढेकरांनी हा विचार केवळ कवितेपुरता केला नव्हता. चित्र, संगीत, साहित्य यांना एकत्र घेऊन केला होता. आमच्यापैकी कितीजणांनी ही तत्त्वे वर्गात एखाद्या चित्रावर लावून दाखवली? वेरूळच्या त्या शिल्पात विरोध आणि समतोल दगडात कोरलेले असताना आम्ही राजवंश सांगत होतो. चित्राबद्दल मराठीत दहा वाक्ये लिहू न शकणारे पदवीधर आम्हीच घडवले. मग संग्रहालयांना मराठी बोलणारा माणूस सापडत नाही, ही तक्रार आम्ही कोणत्या तोंडाने करायची?

तेव्हा संग्रहालयांकडे आमची मागणी आहे : वस्तूंखालच्या पाट्या आधी मराठीत लिहा, आणि त्या मराठी माणसाला कळतील अशा लिहा. कार्यशाळेतला निम्मा वेळ येणाऱ्याच्या बोलण्यासाठी राखा. कार्यक्रमाची तारीख ठरवताना दिनविशेषांच्या यादीबरोबर गावच्या यात्रेचे पंचांगही पाहा. आणि स्वतःकडे मागणी अशी की, सौंदर्यशास्त्राचा एक तरी तास दरवर्षी एखाद्या मूर्तीपुढे किंवा चित्रापुढे घ्यावा आणि त्या तासाला पहिले वाक्य विद्यार्थ्याला बोलू द्यावे. पोखर्णीच्या बाजूच्या त्या मुलाने ते न विचारताच उच्चारले होते. दर वेळी असा मुलगा आपल्या नशिबी येईल, या भरवशावर अभ्यासक्रम चालवता येत नाही.