आवृत्ती संपली, हक्क मात्र राखीव

औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानात एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने पंचवीस वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेला एखादा मराठी संदर्भग्रंथ मागितला, तर ‘आवृत्ती संपली’ एवढेच उत्तर त्याला बहुधा मिळते. नवी आवृत्ती केव्हा निघणार, हे दुकानदाराला ठाऊक नसते आणि प्रकाशकही ते सांगत नाही. त्याच विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ दूरचित्रवाणी संचाला जोडायच्या जुन्या खेळयंत्रासाठी, म्हणजे कन्सोलसाठी, एखाद्या व्हिडिओ गेमची डिस्क शोधत असेल, तर त्यालाही वेगळे उत्तर मिळत नाही. ग्राहक पैसे घेऊन उभा आहे आणि माल निघत नाही, हे दृश्य बाजारपेठेचे गुणगान ऐकून मोठ्या झालेल्या पिढीला चमत्कारिक वाटावे असे आहे. माल खपत नव्हता म्हणून तो बंद झाला, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. पुष्कळ वस्तू खपत असताना, थोडाफार नफा देत असतानाच बंद होतात.

छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशांना याचे उदाहरण शोधायला दूर जावयास नको. वाळूजला १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना उभा आहे. या कंपनीची चेतक स्कूटर १९७२ मध्ये बाजारात आली, आणि पुढील दीड-दोन दशके ती मिळावी म्हणून माणसे वर्षानुवर्षे नोंदणी करून वाट पाहत असत. चेतकचे उत्पादन २००५ च्या सुमारास थांबले. डिसेंबर २००९ मध्ये तर कंपनीने स्कूटरच्या व्यवसायातूनच बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला, आणि त्याविषयी खुद्द राहुल बजाज यांनी आपली नाराजी उघडपणे बोलून दाखविली. देशात तेव्हा स्कूटर कोणी घेत नव्हते, असे मुळीच नाही. गिअर नसलेल्या स्कूटरची मागणी त्याच काळात वाढत होती. परंतु कंपनीचे भांडवल, अभियंते आणि व्यवस्थापनाचे लक्ष या साऱ्यांना मोटारसायकलमध्ये अधिक मोबदला मिळत होता. अर्थशास्त्रात यालाच संधी-खर्च म्हणतात. एखादी वस्तू किती मिळवून देते, यापेक्षा तिच्यासाठी कोणत्या मिळकतीवर पाणी सोडावे लागते, हा हिशेब उत्पादक करीत असतो. बजाजची स्कूटर बंद झाली म्हणून ग्राहक पायी चालू लागले नाहीत. त्यांनी होंडाची घेतली, टीव्हीएसची घेतली. चेतक हे नाव तेवढे कंपनीने जपून ठेवले आणि २०२० मध्ये ते विजेवर चालणाऱ्या स्कूटरला दिले.

व्हिडिओ गेमच्या धंद्यात हाच हिशेब अधिक निष्ठुरपणे चालतो. गेमची डिस्क छापण्याचा खर्च फारच थोडा असतो, म्हणून ती कितीही काळ छापीत राहता येईल असे बाहेरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात या धंद्याची घडण निराळी आहे. १९८० च्या दशकात निन्टेंडोच्या कन्सोलसाठी गेम काढणाऱ्या प्रकाशकाला त्यांची काडतुसे निन्टेंडोकडूनच करून घ्यावी लागत. किमान ठराविक संख्येची मागणी नोंदवायची, पैसे आगाऊ भरायचे आणि मग माल येण्याची वाट पाहायची, अशी ती रीत होती. माल पडून राहिला तर नुकसान प्रकाशकाचे. १९९४ मध्ये सोनीचे प्लेस्टेशन डिस्क घेऊन आले आणि पुन्हा माल काढणे स्वस्त व झटपट झाले. तरी प्रत्येक प्रतीमागे कन्सोलच्या मालकाला द्यावयाचे शुल्क चुकले नाही. शिवाय या मालाचा बहुतेक खप पहिल्या काही आठवड्यांतच उरकतो. त्यानंतर दुकानदाराला फळीवरची जागा नव्या गेमसाठी हवी असते, आणि जुन्या गेमचा मोठा ग्राहक वापरलेल्या प्रतींच्या बाजाराकडे वळतो, जेथून मूळ प्रकाशकाला एक पैसाही मिळत नाही. सोनीने स्वस्त किमतीच्या फेरविक्रीची मालिका काढली, ती अमेरिकेत ‘ग्रेटेस्ट हिट्स’ आणि युरोपात ‘प्लॅटिनम’ या नावाने ओळखली गेली. पण तिच्यात प्रवेश मिळे तो ठराविक आकडा आधीच ओलांडलेल्या गेमना. म्हणजे जे भराभर खपले त्यांना दुसरे आयुष्य मिळाले. जे संथ चालले त्यांना पहिलेच पुरते लाभले नाही.

यंत्राचे आयुष्य हा आणखी एक फास. हनुमानाच्या कथेवर बेतलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा भारतात तयार झालेला गेम २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी निघाला. तेव्हा त्या यंत्राला नऊ वर्षे होऊन गेली होती आणि त्याचे उत्पादन २०१३ च्या जानेवारीत थांबले. पंधरा कोटींहून अधिक खपलेले यंत्र जिथे थांबते, तिथे त्यावरच्या एका गेमची काय कथा! पुस्तकाला हा शाप नाही, कारण वाचकाचे डोळे दर सहा वर्षांनी बदलावे लागत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की आता विक्री इंटरनेटवरून होते. छपाई नाही, गोदाम नाही, मग थांबण्याचे कारण काय? तरीही निन्टेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांची इंटरनेट-दुकाने २७ मार्च २०२३ रोजी खरेदीसाठी बंद केली. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने त्याच वर्षी केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या गेमपैकी सत्त्याऐंशी टक्के कोणत्याही दुकानात नव्याने विकत मिळत नाहीत, असे आढळले. खर्च हे त्याचे एक कारण. गेममध्ये वापरलेल्या गाण्यांचे परवाने संपतात, हे दुसरे. ‘ॲलन वेक’ हा नामांकित गेम याच कारणास्तव २०१७ मध्ये विक्रीतून काढावा लागला आणि परवान्यांची व्यवस्था होऊन पुढील वर्षी परत आला. तिसरे कारण बोलून दाखविले जात नाही, पण ते सर्वांत जुने आहे. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दाखवून दिले होते की टिकाऊ वस्तूच्या मक्तेदार उत्पादकाचा खरा प्रतिस्पर्धी तो स्वतःच असतो: काल विकलेला माल आजच्या मालाशी स्पर्धा करतो. जुना गेम दोनशे रुपयांना मिळत राहिला, तर त्याचीच रंगरंगोटी केलेली नवी आवृत्ती चार हजारांना कोण घेईल?

आता मराठी पुस्तकाकडे वळावे. येथला प्रकाशक ना सोनी आहे ना बजाज. पुष्कळदा एक कुटुंब, एक गोदाम आणि कागदवाल्याची उधारी एवढेच त्याचे भांडवल असते. त्याच्यावर नफेखोरीचा ठपका ठेवण्यापूर्वी त्याची वही पाहावी. समजा, एका ग्रंथाची किंमत तीनशे रुपये आहे. त्यातून विक्रेत्याचे पस्तीस टक्के कमिशन, म्हणजे एकशेपाच रुपये, आणि लेखकाचे दहा टक्के मानधन, म्हणजे तीस रुपये, वजा जाता एकशेपासष्ट उरतात. हजार प्रतींची आवृत्ती काढली तर प्रतीमागे नव्वद रुपये, म्हणजे एकंदर नव्वद हजार रुपये खर्च येतो असे धरू. ग्रंथ वर्षाला साठ प्रती या गतीने खपतो. गुंतवलेले नव्वद हजार परत यायलाच नऊ वर्षे लागतात आणि आवृत्ती संपायला साडेसोळाहून अधिक. एवढ्या अवधीत हाती पडतात पंचाहत्तर हजार रुपये, आणि त्यातून गोदामाचे भाडे, वाळवी आणि पावसाळा यांचा वाटा वेगळा काढायचा. तेच नव्वद हजार दोन वर्षांत संपणाऱ्या पुस्तकात घातले, तर तेच पंचाहत्तर हजार दोन वर्षांत मिळतात. तीनशेच प्रती काढाव्यात म्हटले तर प्रतीचा खर्च दीडशेवर जातो, शिल्लक पंधरा रुपये राहते आणि वर्षाची प्राप्ती होते नऊशे रुपये. या आकड्यांपुढे वाङ्मयसेवेची कितीही व्याख्याने दिली, तरी दुसरी आवृत्ती निघणार नाही.

सरकारी धोरणही या प्रवृत्तीला नकळत हातभार लावते. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यामुळे सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. आज अनुदानित ग्रंथालये अकरा हजारांच्या घरात आहेत. मराठी ग्रंथाचा सर्वांत भरवशाचा ग्राहक हाच. परंतु त्यांच्यासाठी तयार होणारी शासनमान्य ग्रंथयादी त्या त्या वर्षी प्रकाशित झालेल्या ग्रंथांची असते. प्रकाशकाचे डोळे साहजिकच नव्या नावांकडे लागतात. वीस वर्षांपूर्वीच्या उत्तम ग्रंथापेक्षा यंदाचा बेताचा ग्रंथ त्याला अधिक किफायतशीर वाटला, तर तो वेडा ठरत नाही.

स्कूटर आणि ग्रंथ यांतील मूलभूत फरक इथे ध्यानात घ्यायला हवा. बजाज थांबली तेव्हा इतर कंपन्या मोकळ्या होत्या. मराठवाड्याच्या दुष्काळावरील एखाद्या प्रबंधाचा प्रकाशक थांबला, तर दुसऱ्या कोणाला तो छापण्याची मुभा नसते, कारण कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो आणि करारपत्रात तो बहुधा प्रकाशकाकडे बांधलेला असतो. बाजारपेठेचे समर्थन ज्या तत्त्वावर उभे आहे, म्हणजे एकाने सोडलेली जागा दुसरा भरून काढतो, तेच तत्त्व इथे कायद्याने बंद केलेले आहे. छापणे हा प्रकाशकाचा प्रश्न आहे हे मान्य. परंतु न छापण्याचा आणि दुसऱ्यालाही छापू न देण्याचा अधिकार त्याने एकाच वेळी का बाळगावा?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याला हा प्रश्न अगदीच सुचलेला नाही असे नाही. कलम १९ प्रमाणे हक्क घेतलेल्या व्यक्तीने वर्षभरात तो वापरला नाही, तर करारात अन्यथा नमूद नसल्यास ते हस्तांतरण रद्द समजले जाते. परंतु एकदा छापून मग कायमचे थांबणाऱ्याला हे कलम लागू होत नाही, आणि ‘अन्यथा नमूद’ करणे करार लिहिणाऱ्याच्या हातचा मळ. कलम ३१ नुसार हक्कधारक पुनःप्रकाशनाला नकार देऊन कृती लोकांपासून दूर ठेवीत असेल, तर मोबदला ठरवून दुसऱ्याला सक्तीचा परवाना देता येतो. मात्र त्यासाठी वाणिज्य न्यायालयाची पायरी चढावी लागते. साठ प्रती खपणाऱ्या ग्रंथासाठी वकील कोण देईल? त्या मानाने कलम ५२ मधील तरतूद अधिक उपयोगी आहे. ग्रंथ भारतात विकत मिळत नसेल, तर बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी त्याच्या तीन प्रती करता येतात. हाती असलेल्या छापील प्रतीचे जतनासाठी संगणकीय रूपही करता येते. तालुक्याच्या किती ग्रंथपालांना हे कोणी सांगितले असेल? गेमच्या डिस्कला तर तीन प्रतींची ही सवलतही नाही, कारण ती केवळ ग्रंथादी छापील साहित्यापुरती आहे.

हक्क लवकर मोकळे केले म्हणजे सारे सुरळीत होईल, असेही नव्हे. साने गुरुजींचे १९५० मध्ये निधन झाले आणि २०११ च्या आरंभी त्यांचे साहित्य मुक्त झाले. ‘श्यामची आई’ छापायला अनेक प्रकाशक पुढे आले, कारण ती केव्हाही खपते; गुरुजींच्या कमी वाचल्या जाणाऱ्या लेखनाकडे तेवढी झुंबड उडाली नाही. मागणीप्रमाणे एकेक प्रत छापून देणाऱ्या नव्या यंत्रांनीही प्रश्न सुटतो तेवढाच गुंततो. अशी सोय असली की ग्रंथ कागदोपत्री कायम ‘उपलब्ध’ राहतो. दोन वर्षांत एक प्रत निघाली तरी हक्क परत मागणाऱ्या लेखकाला प्रकाशक ती दाखवू शकतो. म्हणून करारात ‘उपलब्ध’ या शब्दाऐवजी वर्षाला किमान किती प्रती खपाव्यात, हा आकडाच लिहिला पाहिजे, आणि तेवढ्या न खपल्यास हक्क आपोआप लेखकाकडे वा त्याच्या वारसांकडे गेले पाहिजेत. यात प्रकाशकाचे नुकसान काहीच नाही. जी वस्तू त्याला नकोच आहे, तीच त्याने सोडायची आहे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी करून ग्रंथ काढण्याची रीत मराठीत जुनी आहे. कोश आणि खंड अनेकदा तिच्याच आधारावर निघाले. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुष्कळ प्रकाशने इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहेत, हे स्वागतार्ह असले तरी ती मंडळाची स्वतःची होत. खासगी प्रकाशकांच्या संपलेल्या आवृत्त्यांसाठी ग्रंथयादीत पुनर्मुद्रणाचा स्वतंत्र विभाग करावा आणि ग्रंथालयांकडून मागणी आधी नोंदवून घ्यावी. वरच्याच उदाहरणात तीनशे ग्रंथालयांनी एकेक प्रत आगाऊ नोंदविली, तर विक्रेत्याचे कमिशन वाचते. तीनशे रुपयांतून लेखकाचे तीस आणि छपाईचे दीडशे वजा जाऊन प्रतीमागे एकशेवीस रुपये उरतात. टपालखर्च त्यातूनच भागवायचा असला, तरी प्रकाशकाच्या हाती छत्तीस हजार रुपये एकाच वर्षात पडतात आणि गोदामात एकही प्रत पडून राहत नाही. अकरा हजारांतून ही तीनशे ग्रंथालये निवडणे ग्रंथालय संचालनालयाला अवघड नाही. त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही, यादीच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा लागेल.