‘संभाव्य’ या शब्दाची जबाबदारी

परभणी जिल्ह्यातील चारठाणा हे प्राचीन देवळांचे गाव. त्याच्याविषयी लिहायचे तर शिल्पांविषयी लिहावे, अशी रीत आहे. आज मात्र येथे आमच्यापुढे गोळ्यांची एक स्ट्रिप आहे. तिच्यावर तांबडी रेघ आहे आणि इंग्रजीत, बारीक अक्षरांत, एक इशारा आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी ती पुढे करून विचारले, “यात काय लिहिलंय?” संहिता बारकाईने वाचावी असे आम्ही वर्गात सांगत आलो, ही संहिता मात्र आम्ही कधी वाचली नव्हती.

१९८६च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्यानंतर १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतचा सारा कारभार उघडा केला. त्या अहवालाचे मोल मोठे आहे. पण तो माणसे गेल्यानंतरचा उच्चार होता.

तेथे दोष भेसळीचा होता. औषध शुद्ध असूनही शंका असते, तेव्हा प्रश्न अधिक अवघड होतो. निमेसुलाइड हे ताप व वेदनांवरचे औषध. यकृताला इजा झाल्याच्या नोंदींमुळे फिनलंड व स्पेन यांनी २००२मध्येच त्याचा वापर थांबविला. आपल्याकडे १२ वर्षांखालील मुलांना ते देण्यास मनाई झाली २०११मध्ये. मधल्या ९ वर्षांत तापाने फणफणलेल्या मुलाला ते पाजणाऱ्या आईला ही शंका कळविणे कोणाचे कर्तव्य होते?

सिद्ध होण्याआधी बोलल्यास लोक घाबरून औषधच सोडतील, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. फेफऱ्याची गोळी एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. परंतु या आक्षेपाचे उत्तर मौन नव्हे, नेमकी भाषा हे आहे. ‘इजा होते’, ‘इजा होऊ शकते’ आणि ‘काही रुग्णांत इजा आढळली, कारण अद्याप ठरलेले नाही’ या तीन वाक्यांतील अंतर मराठीला पेलते. ‘डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी थांबवू नका’ हे चौथे वाक्यही तिला जड नाही.

२०२३पासून ३०० प्रमुख औषधनामांच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यातून उत्पादक, बॅच व मुदत कळते. त्या सक्तीच्या तपशिलांत धोक्याचा समावेश नाही. ज्याला गोळी गिळायची आहे त्याला न कळणाऱ्या भाषेत सांगितलेला धोका हा आमच्या मते उघड केलेला धोका नव्हेच.

औषधासोबतचे माहितीपत्रक मराठीतही असावे, ही मागणी भाषेच्या अस्मितेची नसून जिवाची आहे. मराठी विभागांनी ती करावीच. शिवाय अनुवादाच्या तासाला एखादी कथा बाजूला ठेवून असे एक पत्रक विद्यार्थ्यांपुढे ठेवावे. अनुवाद वैद्यकाच्या जाणकाराने तपासावा आणि मग घरच्या आजीला वाचून दाखवावा. तिला तो कळला, तरच तो उत्तीर्ण.