धोंड सरण्यापूर्वी

पुनरुत्थानाचा सण जवळ आला की, ‘सारे ठीक होईल’ असे आपण एकमेकांना सांगू लागतो. यालाच ख्रिस्ती आशा म्हणणे आम्हांस मान्य नाही. १२ एप्रिल २०२० च्या ईस्टरला महामारीमुळे चर्चची दारे बंद होती. शुभेच्छा मात्र घरोघर पोहोचल्या. पुढे टाळेबंदी उठल्यावर तरी शोकाकुल घराची पायरी आपल्यापैकी किती जण चढले?

मार्कच्या शुभवर्तमानातील स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन निघाल्या, तेव्हा धोंड कोण लोटणार हे त्यांना ठाऊक नव्हते. तरीही त्या निघाल्या. आशा ती हीच! कर्ज, आजार, बेकारीने खचलेल्या शेजाऱ्याकडे या पवित्र सप्ताहात आपण गेलो नाही, तर ईस्टरच्या रात्री आपल्या हातातील मेणबत्ती कोणाला उजेड देणार?