अहिराणीचा आधार

कापडाच्या धंद्यात रोजगार शोधीत खानदेशातील कुटुंबे सुरतेच्या लिंबायत-उधना भागात येतात. त्यांच्या मुलांसाठी सुरत महानगरपालिका मराठी शाळा चालविते, हे अभिनंदनीय आहे. परंतु धुळे-नंदुरबारहून आलेले पोर घरी अहिराणी बोलते. वर्गात त्या बोलीला हसे मिळाले की ते मुके होते. मग मधल्या सुट्टीत त्याच्याशी खेळणार कोण? वास्तविक अहिराणीचे नाते मराठीइतकेच गुजरातीशीही आहे. २०२३ च्या कायद्याने गुजरातेत पहिली ते आठवी सक्तीची झालेली गुजराती शिकताना हीच बोली त्याला हात देईल. (आमच्या शुद्ध भाषेच्या सोवळ्याला हे रुचणार नाही!) नवागताला त्याच बोलीच्या जुन्या विद्यार्थ्याशेजारी बसवावे, आणि 'नीट बोल' ही दटावणी गुरुजींनी काही महिने तरी गिळावी.