वडिलांच्या नावाचा रकाना



जूनमध्ये पहिलीच्या प्रवेशाचे अर्ज तपासायला बसले होते. एक बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. अर्जात वडिलांच्या नावाचा रकाना कोरा. शेजारच्या टेबलावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात प्रश्न आला, "वडिलांचं नाव का नाही लिहिलं?" बाईंनी ओढणी सावरली आणि हळूच म्हणाल्या, "मी सांभाळते तिला." मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. मुलगी आईच्या मागे सरकली. मीही काही बोलले नाही. खरं सांगायचं तर तोच प्रश्न माझ्याही ओठांवर होता.

घरी आल्यावर मला बिल्कीस एधी आठवल्या. कराचीचे अब्दुल सत्तार एधी आणि त्यांच्या रुग्णवाहिका आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतात. त्यांच्या बेगमबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. एधी रस्त्यावर होते, तर बिल्कीस दवाखान्यात, बाळंतिणींच्या खाटांपाशी आणि पाळण्यांपाशी.

त्यांचा जन्म 14 ऑगस्ट 1947 चा, काठियावाडातल्या बांटवा गावचा. एधीही त्याच गावचे, मेमन जमातीचे. फाळणीनंतर दोन्ही घरं कराचीला गेली. बिल्कीस यांचे वडील लवकर वारले आणि शिक्षिका असलेल्या आईने घर चालवलं. बिल्कीस यांचं शाळेत मन लागेना, म्हणून त्या मिठादर भागातल्या एधींच्या दवाखान्यात परिचारिकेचं काम शिकायला गेल्या. (शाळेत मन न लागलेली मुलगी वाया गेली असं आपण शिक्षक किती पटकन ठरवतो!) 1966 मध्ये त्यांचं एधींशी लग्न झालं. वयात जवळपास वीस वर्षांचं अंतर होतं. लग्नाच्या रात्रीची हकीकत प्रसिद्ध आहे. डोक्याला जबर मार लागलेली एक मुलगी दवाखान्यात आली, आणि नवरा-नवरीची ती रात्र इस्पितळात तिच्या उशाशी, रक्ताची सोय करण्यात गेली.

पुढे मोफत प्रसूतिगृह, निराधार बायकांची घरं आणि अनाथ मुलं हे सगळं बिल्कीस यांच्याकडे आलं. स्वतःची चार मुलं, दोन मुलगे आणि दोन मुली, याच गर्दीत वाढली. आपली आणि लोकांची असा हिशेब त्या घरात ठेवणं शक्यच नव्हतं. 1986 मध्ये नवरा-बायको दोघांना मिळून रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण मला सांगायचंय ते पाळण्यांविषयी. एधी केंद्रांच्या दाराबाहेर पाळणे ठेवलेले असतात. नको असलेलं मूल मारू नका, इथे ठेवून जा, एवढाच त्यांचा निरोप. कोण ठेवून गेलं, का, हे कोणी विचारत नाही. त्या पाळण्यांत येणाऱ्या बाळांत मुलीच जास्त. बिल्कीस गेल्या तेव्हा बातम्यांमध्ये अशा वाचलेल्या बाळांचा आकडा 42 हजारांवर दिला होता. मूल नसलेल्या जोडप्यांना नीट पारखून बिल्कीस ही बाळं त्यांच्या ओटीत घालत.

यावर टीकाही झाली. अशाने पापाला प्रोत्साहन मिळतं, असं म्हणणारे होते. आपल्या मोहल्ल्यातही हेच ऐकू येईल. मला विचाराल तर चूक कोणाची असेल ती असो, पाळण्यातल्या बाळाची नक्कीच नाही. वंशाचा प्रश्न मात्र खरा आहे, तो टाळू नये. सांभाळलेल्या मुलाला आपलं रक्ताचं म्हणून मिरवू नये, त्याला त्याच्या बापाच्या नावाने ओळखावं, हे सूरह अहज़ाबमध्ये सांगितलं आहे. पण तिथेच पुढे, बाप माहीत नसेल तर ती मुलं दीनमधली तुमची भावंडं आहेत, असा आशय आहे. आपण पहिला भाग पाठ करतो आणि दुसरा विसरतो. कागदोपत्री जवळपास 20 हजार मुलांचे पालक म्हणून एधींचं नाव होतं. म्हणजे रकाना भरण्याची वाट निघते, काढणारा हवा.

आपल्याकडचं एक सांगून ठेवते. सापडलेलं मूल परस्पर घरी ठेवून घेणं कायद्याला मान्य नाही. 1098 वर फोन करावा किंवा बालकल्याण समितीला कळवावं. रीतसर मूल घ्यायचं असेल तर बाल न्याय कायद्याची वाट कोणत्याही धर्माच्या माणसाला खुली आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं आहे.

बिल्कीस यांचा एक धागा आपल्या मराठवाड्यापर्यंत येतो. ऐकू-बोलू न शकणारी एक लहान मुलगी चुकून सीमेपलीकडे गेली आणि एधी केंद्रात पोहोचली. बिल्कीस यांनी तिचं नाव आधी फातिमा ठेवलं होतं. ती हिंदू घरची आहे हे कळल्यावर त्यांनी नाव बदलून गीता केलं आणि केंद्रातच तिच्यासाठी देवांच्या तसबिरींची जागा करून दिली. एका मूक मुलीला आपल्या दीनमध्ये ओढणं किती सोपं होतं! 26 ऑक्टोबर 2015 ला बिल्कीस स्वतः तिला घेऊन दिल्लीला आल्या. भारत सरकारने एक कोटी रुपयांची देणगी जाहीर केली, ती एधींनी नम्रपणे नाकारली. घरच्यांचा शोध पुढे काही वर्षं चालला. गीता परभणीत राहत होती. मार्च 2021 मध्ये तिची आई महाराष्ट्रात सापडल्याची बातमी पाकिस्तानात सांगितली ती बिल्कीस यांनीच. गीताने ती त्यांना कळवली होती.

15 एप्रिल 2022 ला, रमज़ानमधल्या जुम्याच्या दिवशी, कराचीत बिल्कीस यांचं निधन झालं. अल्लाह त्यांना मग़फिरत देवो.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना फोन करून पुन्हा बोलावलं. अर्जात खाली 'पालक' असा वेगळा रकाना असतो, तिथे त्यांचं नाव लिहून घेतलं. न्यायालयाचा पालकत्वाचा कागद त्यांच्या पिशवीत घडी करून ठेवलेला होता. आदल्या दिवशीही तो तिथेच होता. आम्ही कुणी मागितलाच नव्हता.